बारा कार्डं: लाडक्या मॉन्स्टरांची कामवही

४ जानेवारी

परवापासून डंजन्स अँड ड्रॅगन्सचं नवीन कॅम्पेन, म्हणजे बरेच सेशन चालणारी एकच गोष्ट, आणि जीएम (गेम मास्टर, खेळ चालवणारा) मी. चार जण, सगळे लेव्हल ३ पासून सुरू करणार: फायटर (लढवय्या), क्लेरिक (पुजारी), विझार्ड (जादूगार), रोग (चोर, आजार नव्हे). नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४ वाले, कारण माझे सगळे आकडे तेच पाठ आहेत.

मागच्या कॅम्पेनमध्ये मी जाम हौसेने शंभरेक मॉन्स्टर आणले होते आणि परवा सहज विचारलं की तुम्हाला कुठला लक्षात राहिला, तर बराच वेळ शांतता आणि मग एकजण म्हणाला "तो एक हिरवा होता ना". संपला विषय. म्हणून या वेळी फक्त बारा. जे मला मनापासून आवडतात तेवढेच, प्रत्येकाला एक छोटं कार्ड, कार्डावर वरती आकडे आणि खाली दोनच ओळी. त्याला काय हवंय. आणि तो कधी पळतो.

पहिलं कार्ड अर्थातच बिहोल्डर. खरं सांगायचं तर हा सगळा उद्योग त्याच्याचसाठी चाललाय. हवेत तरंगणारं एक भलंमोठं डोकं, मधे एक डोळा, वर देठांवर दहा. १९७५ पासून खेळात आहे आणि अजून जुना वाटत नाही. मधला डोळा जिकडे बघेल तिकडे १५० फुटांच्या शंकूत जादू बंद, आणि गंमत म्हणजे त्याचे स्वतःचे किरणसुद्धा त्या शंकूत चालत नाहीत, म्हणजे प्रत्येक वेळी त्याला ठरवावं लागतं की समोरच्याची जादू मारू की समोरच्यालाच मारू. एचपी (जीव किती) १८०, एसी (मार लागणं किती अवघड) १८, सीआर (एकूण किती धोकादायक) १३. इतकी वर्षं जीएमगिरी केली पण एकदाही टेबलावर आणायला मिळाला नाही, दरवेळी कॅम्पेन आधीच गुंडाळलं जातं.

काय हवंय: आपणच सगळ्यात श्रेष्ठ आहोत हे जगाने मान्य करावं. कधी पळतो: इथे नुसती रेघ मारली. तो कशाला पळेल.

६ जानेवारी, पहिला सेशन

कोबोल्ड, सरड्यासारखे पिटुकले. कार्ड नंबर दोन. एचपी ५, एसी १२, सीआर एक अष्टमांश, म्हणजे पुस्तकातला जवळजवळ तळाचा गडी. आठ ठेवले. हिशोब केला तर आठांचे २०० एक्सपी (हरवल्याचे गुण), संख्येमुळे अडीचपट करून ५००, लेव्हल ३ च्या चौघांसाठी मध्यम लढाई ६०० ला सुरू होते म्हणजे कागदावर ही "सोपी" लढाई.

क्लेरिक शून्यावर गेली आणि फायटर चार एचपीवर बाहेर आला. सोपी म्हणे.

झालं काय ते नीट लिहून ठेवतो कारण यातूनच पुढचं सगळं ठरणारे. मी जुन्या खेळातला एक नियम उसना घेतलाय, १९८१ च्या बेसिक नियमांतला मोराल, म्हणजे धीर. प्रत्येक मॉन्स्टरला २ ते १२ मधला एक आकडा असतो, त्यांच्यातला पहिला मेला की २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) टाकायचे, अर्धे आडवे झाले की परत टाकायचे, आकड्यापेक्षा जास्त आलं तर ते पळतात. कोबोल्डचा आकडा ६. पहिला मेला, मी टाकले, ९ आले, बाकीचे सातही बिळात पळाले. मला वाटलं झालं, फुसका बार. पण आपले शूर लोक त्यांच्या मागे धावले ना. बीळ तीन फुटी. कोबोल्ड छोटे, त्यांना ते रस्त्यासारखं, आपल्या लोकांना मात्र अंग चोरून घुसायचं म्हणजे वेग अर्धा, त्यांच्या हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज (फासा दोनदा टाकून कमी आकडा धरायचा), त्यांच्यावरच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज (जास्त आकडा धरायचा), वर एकामागे एक अशी रांग त्यामुळे पुढचा सोडून कुणालाच काही करता येत नाही. कोबोल्डांना पॅक टॅक्टिक्सचा (साथीदार जवळ असला की) ॲडव्हान्टेज असतोच, नशीब दोन ॲडव्हान्टेज मिळून एकच धरतात नाहीतर तिथेच नारळ फुटला असता.

हे काही मी शोधलेलं नाही. ड्रॅगन मासिकाच्या नोव्हेंबर १९८७ च्या अंकात, १२७ वा अंक तो, रॉजर मूर यांनी टकर नावाच्या जीएमच्या कोबोल्डांबद्दल लिहिलं होतं, की मोठमोठ्या लेव्हलची पात्रं त्या पिटुकल्यांना टरकायची कारण ते अडोशामागून, भिंतीतल्या फटींतून, आगी लावून लढायचे. ते वाचून कितीतरी जीएम बिघडले असतील, मी त्यातलाच एक. फरक इतकाच की मी आज काहीच प्लॅन केलं नव्हतं. ते नुसते पळाले. पळाले म्हणून भारी पडले.

कार्डावर: काय हवंय, बीळ आणि पिल्लं शाबूत राहावीत. कधी पळतो, लगेच.

१३ जानेवारी

आज सेशन नाही, नुसती कार्डं. जेलॅटिनस क्यूबचं (पारदर्शक जेलीचा ठोकळा) लिहिलं, त्याला दोन मिनिटं पण लागली नाहीत. काय हवंय: काहीच नाही, पुढे सरकायचंय. कधी पळतो: कधीच नाही, जुन्या नियमांत त्याचं मोराल १२ आहे, म्हणजे फासे काहीही पडोत, तो पळूच शकत नाही.

हा प्राणी मला का आवडतो तर तो नकाशाच्या वहीतून जन्मलाय. जुने डंजन आलेखाच्या कागदावर काढायचे, एक चौकोन म्हणजे दहा फूट, बोळ दहा फुटी, आणि हा दहा फुटी घन. बोळात फिट्ट. कुठल्या जंगलात हा उत्क्रांत होईल? शक्यच नाही. हा फक्त डंजनमध्येच जगू शकतो, बोळ झाडून साफ ठेवणारा कामगार आहे बिचारा.

२० जानेवारी

क्यूब टेबलावर आला. मी फक्त एवढंच म्हणालो की समोर बोळात जमिनीपासून चार फुटांवर एक सांगाडा हवेत तरंगतोय, त्याच्या हातात चांदीच्या मुठीची तलवार आहे आणि तो हळूहळू तुमच्याकडे येतोय. विझार्ड म्हणाली भूत, क्लेरिकने टर्न अनडेड (भुताखेतांना पळवायची शक्ती) करून पाहिलं, काही नाही. फायटर तलवारीच्या मोहाने धावला तो थेट आत. दर टर्नला ६डी६ ॲसिड. वेग त्याचा फक्त १५ फूट, नुसतं चालत मागे आले असते तरी वाचले असते, पण मागचा दरवाजा यांनीच कोबोल्ड येतील म्हणून खिळे ठोकून बंद केला होता. मी हसू दाबून बसलो होतो.

फायटरला ओढून काढला, मग एसी ६ च्या त्या लगद्याला ठोकठोक ठोकला. तलवार मिळाली.

२७ जानेवारी

बाद कार्डांची वेगळी थप्पी केलीये. इंटलेक्ट डिव्हाउररला त्यात टाकला, जरी दिसायला (पाय फुटलेला मेंदू) मला प्रचंड आवडतो. हिशोब करून बघितला. आमच्या फायटरची बुद्धी ८. सेव्ह डीसी (वाचायला फाशावर लागणारा आकडा) १२, याला मायनस १, म्हणजे फासा १३ किंवा वर पाहिजे, ६० टक्के वेळा फेल. फेल झाला की जीएम ३डी६ टाकतो आणि बेरीज बुद्धीइतकी किंवा जास्त आली की बुद्धी शून्य, पात्र सुन्न. ३डी६ वर ८ किंवा जास्त येण्याची शक्यता जवळपास ८४ टक्के. गुणाकार केला तर साधारण निम्म्या वेळा फायटर एका झटक्यात खेळाबाहेर, आणि बुद्धी परत आणणारा मंत्र क्लेरिकला लेव्हल ९ ला मिळतो. सीआर मात्र २! ज्याने हा सीआर लावला त्याला माझा दंडवत. खेळाडूने मग काय करायचं, उरलेले तीन तास फासे रचून मनोरे बांधायचे?

शॅडो (सावलीचं भूत) पण बादच करणार होतो, ताकद खातात म्हणून, ८ ताकदीची विझार्ड दोन फटक्यांत जाऊ शकते. पण त्यांच्यापासून पळता येतं, उजेडाकडे जाता येतं, काहीतरी करता येतं. ठेवला.

३ फेब्रुवारी

लेव्हल ४. मिमिक, म्हणजे एखाद्या वस्तूचं सोंग घेऊन बसणारा आणि चिकटवून धरणारा प्राणी.

पेटी नाही. पेटी सगळ्यांना माहितीये, रोग प्रत्येक पेटीला आधी काठीने टोचतो. मी शिडी केली. खाली उतरायच्या भुयारात आधीपासून लावलेली मजबूत लाकडी शिडी, ज्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. रोग अर्ध्यात पोचला आणि मी म्हणालो हात सुटत नाहीयेत. टेबलावर जो काही कल्ला झाला! मागच्या खोलीतून कुणीतरी काय झालं म्हणून बघायला आलं.

१७ फेब्रुवारी

काल लिहायला हवं होतं, चिडलो होतो म्हणून नाही लिहिलं. मिमिकची शिक्षा मला मिळाली. सेशनमधली चाळीस मिनिटं, घड्याळ लावून चाळीस, एका दरवाजावर. दरवाजा टोचला, दरवाजाशी बोलले, दरवाजाला पाणी मारलं, मग चौकटीवर संशय, मग उंबऱ्यावर. साधा दरवाजा होता हो. कार्डावर लाल पेनने लिहिलं: एका कॅम्पेनमध्ये एकदाच.

मग रात्री डोकं शांत झाल्यावर पुस्तकात परत वाचलं की क्वचित काही मिमिक जरा हुशार असतात, थोडंफार बोलतात, आणि खायला दिलं तर वाट सोडतात किंवा माहिती देतात. म्हणजे पुढचा मिमिक आधीच बोलेल. "मी खुर्ची आहे, बसू नका" असं. बघू.

रोगच्या खेळाडूला मेसेज करून ठेवलाय एका गुप्त कामासाठी. त्याबद्दल इथे नको, वही टेबलावर राहते.

२ मार्च

सगळ्यात वाईट सेशन. चूक शंभर टक्के माझी.

ट्रोल. दर टर्नला १० एचपी भरून येतात, आग किंवा ॲसिड लागलं तरच थांबतात, हे आता शेंबड्या पोरालाही माहिती. म्हणून मी शहाणपणा केला, गुपचूप बदललं, आगीऐवजी थंडीने थांबेल असं केलं. कुणाला काही सांगितलं नाही, कुठे काही दाखवलं नाही. त्यांनी तेलाच्या सगळ्या बाटल्या फोडल्या, विझार्डने प्रत्येक टर्नला फायर बोल्ट मारला, आणि मी दरवेळी गंभीर चेहऱ्याने "जखम भरून येतेय" म्हणत राहिलो. मला वाटलं ते चक्रावतील, शोधाशोध करतील. ते चक्रावले नाहीत, ते गप्प झाले. फायटर पडला, बाकीचे त्याला ओढत बाहेर पळाले आणि विझार्डवाली म्हणाली, "अरे मग आम्ही काही शिकून काय उपयोग, तू तर बदलणारच."

यावर बोलायला काहीच नव्हतं माझ्याकडे. ट्रोल आगीला घाबरतो ही त्याची कमजोरी नाहीये, ती खेळाडूची कमाई आहे, कुठल्यातरी जुन्या कॅम्पेनमध्ये मार खाऊन मिळवलेली. बेसिक नियमांत तर ट्रोलचं मोराल १० आहे आणि आग किंवा ॲसिड समोर आलं की ८, म्हणजे तेव्हाच्या लोकांनीही मान्य केलं होतं की त्याला त्याची भीती दिसली पाहिजे.

३ मार्च

रात्री झोप नाही लागली नीट. सगळ्या कार्डांवर तिसरी ओळ वाढवली: आधी कोणती खूण दिसते. जे काही वेगळं करायचंय ते करा पण खूण आधी दिसलीच पाहिजे. ट्रोलच्या गुहेबाहेर राखेत पायाचे ठसे असते, बर्फाच्या ओढ्यापाशी येऊन मागे वळलेले असते, तर तोच ट्रोल भारी झाला असता.

सगळ्यांना सॉरीचा मेसेज टाकला. तेलाच्या बाटल्या परत देतो म्हणालो. फायटर म्हणाला बाटल्या नको, ट्रोल परत दे.

बिहोल्डरची खूण: भिंतीत आरपार गुळगुळीत गोल भोकं, दगड झालेली माणसं, वरखाली जाणारे उभे बोगदे जिथे पायऱ्याच नाहीत कारण याला त्या लागतच नाहीत. आणि एका भिंतीवर कोरलेली दुसऱ्या बिहोल्डरची चित्रं, सगळ्यांचे डोळे छिन्नीने उडवलेले. हे शेवटचं उगाच लिहिलं, त्याचा स्वभाव म्हणून. ते स्वतःच्या जातीच्या दुसऱ्याला बघूच शकत नाहीत.

१६ मार्च

रस्ट मॉन्स्टर!!

हा कसा आला तर खेळ नवीन असताना गॅरी गायगॅक्स यांना प्लास्टिकच्या स्वस्त खेळण्यांची पिशवी मिळाली, म्हणायला डायनासोर, पण आतले प्राणी कुठल्याच डायनासोरसारखे नाहीत, त्यातलाच एक हा. आउलबेअर (अर्धं घुबड, अर्धं अस्वल) आणि ब्यूलेट हा दुसरा मॉन्स्टर पण त्याच खेळण्यांतले. आउलबेअरला म्हणूनच कार्ड दिलं, काय हवंय च्या खाली फक्त "घरटं" लिहिलंय.

तर हा लोखंड खातो. मिशा लागल्या की चिलखताला गंज, एसी एकेकने कमी. फायटरला पोटात गोळा आला. मी लढाईची तयारी करून बसलेलो आणि क्लेरिकने पिशवीतला एक लोखंडी खिळा काढून लांब फेकला. मी कार्डावर बघितलं. काय हवंय: लोखंड. बस, इतकंच लिहिलेलं. मग तो खिळ्यामागे जाणार ना, दुसरं काय करणार. अजून एक खिळा. अजून एक. सेशन संपेपर्यंत त्याचं नाव गंज्या पडलं होतं आणि रोगने त्याच्यासाठी गंजलेल्या बिजागऱ्यांची वेगळी पोतडी बांधली. फायटर आता पन्नास फूट मागून चालतो, कारण गंज्याला ३० फुटांवरून लोखंडाचा वास येतो.

ट्रोलपण परत दिला. पुस्तकातला, जसाच्या तसा. जाळला त्यांनी. खूश.

२३ मार्च

गुप्त कामाचं आता लिहायला हरकत नाही. गेले दोन सेशन रोग हा रोग नव्हताच, डॉपलगँगर (कुणाचंही रूप घेणारा मॉन्स्टर) होता. खेळाडू तोच, त्याला सगळं माहिती होतं, तोच ते पात्र चालवत होता, खरा रोग कोबोल्डांच्या कोठडीत. पकडला कसा गेला? क्लेरिक म्हणाली, "यानं परवा नाणी सारखी वाटली. आमचा रोग असं कधीच करणार नाही." माझ्या सगळ्या खुणा (चुकीच्या हाताने जेवणं, आरशाकडे पाठ) वाया गेल्या, यांनी स्वतःचीच एक शोधली, आणि ती माझ्यापेक्षा चांगली होती.

यात एक भाषेचा घोळ कायम होतो तो नोंदवतो. आम्ही मराठीत खेळतो, मी सवयीने मॉन्स्टरला "राक्षस" म्हणतो, आणि खेळात राक्षस नावाचा वेगळाच मॉन्स्टर आहे, वाघाच्या तोंडाचा, तळहात उलटे, उंची कपडे घालून कपटाने बोलणारा. सीआर १३. "राक्षस येतोय" म्हणालो की विझार्डवाली विचारते, "कुठला, आपला की त्यांचा?" त्याचं कार्ड करायचं की नाही अजून ठरत नाहीये.

६ एप्रिल

लेव्हल ५. कोबोल्डांशी तह झाला, पिल्लांना हात लावायचा नाही या अटीवर. कोबोल्ड म्हणाले आमचा मालक खाली राहतो, झोपला तरी डोळे उघडे. मी अगदी सहज आवाजात बोललो पण आतून उड्या मारत होतो.

लेव्हल ५ ला सीआर १३ म्हणजे मरणच आहे, हे मला कळतं. एका टर्नला तीन किरण, शिवाय मधल्यामधे लेजेंडरी ॲक्शन, म्हणजे दुसऱ्यांच्या टर्ननंतरच्या जादा चाली. पण खुणा सगळ्या दाखवल्या, गोल भोकं, दगडी माणसं, भिंतीवरची चित्रं, पळायला तीन वाटा ठेवल्या. गेले तर त्यांच्या जबाबदारीवर.

२० एप्रिल

गेले. उभ्या बोगद्यातून दोरांनी. मी दहा किरणांचे तक्ते छापून आणलेले, इनिशिएटिव्हच्या (कुणाची पाळी कधी) चिठ्ठ्या तयार, सकाळपासून त्याचा आवाज काढायची प्रॅक्टिस.

तो वरून तरंगत आला, अकराही डोळे उघडले, आणि मी माझं भाषण सुरू करणार तेवढ्यात विझार्डवाली म्हणाली, पात्राच्या आवाजात, अगदी थंडपणे: "माफ करा, चुकीच्या ठिकाणी आलो बहुतेक. आम्हाला उत्तरेकडच्यांनी बोलावलंय. ते म्हणाले इथे खाली कुणी राहत नाही."

मी विचारलं, कोण उत्तरेकडचे?

"तुमच्यासारखेच. पण जरा मोठे."

मी कार्डाकडे बघितलं. भिंतीवरची छिन्नीने फोडलेली चित्रं मीच लिहिली होती, उगाच, स्वभाव म्हणून. फसवण्याचा रोल करायला सांगितला, १८ आले. रोगने लगेच री ओढली की त्यांचे किरण बारा आहेत. गंज्या मधेच एक बिजागरी चावत होता, त्याचा आवाज मी काढला कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि तो गेला. छतातून आरपार भोक पाडून, उत्तरेकडे, स्वतःची गुहा आणि सगळा खजिना उघडा टाकून. त्यांच्यावर एकही किरण नाही. १८० तले १८० एचपी शिल्लक. माझा इतक्या वर्षांचा पोपट झाला आणि मी टेबलावर डोकं ठेवून हसत होतो, ते चौघं एकमेकांना टाळ्या देत होते.

२१ एप्रिल

बिहोल्डरच्या कार्डावरची रेघ खोडली. कधी पळतो: दुसरा आहे असं कळलं की.

तो उत्तरेला पोचायला खेळातले साधारण नऊ दिवस लागतील, वीस फुटांच्या वेगाने तरंगत. तिथे कुणीच सापडलं नाही की मागे वळेल. बारावं कार्ड अजून कोरं आहे, राक्षसासाठी ठेवलेलं, पण आता त्यावर उत्तरेकडचा बिहोल्डर बसवायचा मोह होतोय. किरण बारा असलेला. पुढच्या सेशनआधी ठरवायचं. खिळ्यांचा हिशोब पण करायचाय, क्लेरिककडे तीनच उरलेत.